४०,००० किलोमीटर, व्हाया केडगाव

गाडीबरोबर कंपनी जी पुस्तिका देते ती सबंध वाचलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच, माझे सासरे. एअर फिल्टरचं पान तर त्यांना तोंडपाठ आहे. दर १०,००० किलोमीटरला साफ करा, ४०,०००ला बदला, धुळीच्या प्रदेशात त्याआधी. आता धुळीचा प्रदेश म्हणजे कुठला, हे पुस्तिका सांगत नाही. राजस्थान असावं, असा सासऱ्यांचा तर्क. आमची गाडी पुण्याची, काटा २६,००० वर, आणि मागच्या सर्व्हिसिंगच्या कागदावर 'एअर फिल्टर'पुढे बरोबरची ठसठशीत खूण. विषय संपला होता.

फेब्रुवारीत मामेभावाचा साखरपुडा निघाला केडगावला. केडगाव म्हणजे पुण्याकडून नगरला जाताना शहर जिथे सुरू होतं ते. महापालिकेत गेलं तरी स्वतःला गावच समजणारं, नवरात्रात देवीच्या यात्रेला रस्ते भरवणारं. पाट्यांवर २०२४ नंतर अहिल्यानगर आलं, पण मामा फोनवर अजून "नगरला कधी पोचताय?" असंच विचारतात.

वाघोलीत गाडी पळत नाही हे आमच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे कुणाचीच पळत नाही. पुढच्या डंपरचा धूर खात, शिक्रापूरच्या चौकात कंटेनरची रांग मोजत आम्ही रांजणगावला महागणपतीला हात जोडले. शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. सुप्याच्या पवनचक्क्या लांबूनच दिसायला लागल्या. त्यांना वारा भरपूर मिळत होता. आमच्या गाडीला मात्र हवा कमी पडतेय, हे कामरगावच्या चढाला उघड झालं. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, वेग तेवढाच.

गाडीत बसलेल्या प्रत्येक मराठी माणसाला इंजिनातलं कळतं. सासरे म्हणाले, "पेट्रोलमध्ये पाणी आहे." सासूबाई म्हणाल्या, "एसी बंद करा, एसी ओढतो सगळं." बायको म्हणाली, "तुम्ही गिअर चुकीचा टाकता, मी लग्न झाल्यापासून सांगतेय." डिकीत बुंदीचे लाडू आणि सुक्यामेव्याची ताटं गळ्यापर्यंत भरली होती. त्यांचा संशय कुणीच घेतला नाही. समोर उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर आकाशाला टेकलेला ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दणदणीत कर्णा. त्याने हात बाहेर काढून तीनदा "जा पुढं" अशी खूण केली. आम्ही गेलो नाही. चौथ्यांदा त्याने वळून बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी दिसली.

मामा दारातच उभे होते. ते लष्करात रणगाड्यांच्या दुरुस्तीत होते, नगरलाच निवृत्त झाले आणि केडगावात बंगली बांधून राहिले. इंजिनाचा आवाज ऐकून "या, बसा" म्हणायच्या आधी ते म्हणाले, "भाचेबुवा, हिचा श्वास कोंडलाय. चला मिस्त्रीकडे."

"अहो, चहा तरी घेऊ द्या पाहुण्यांना," मामी आतून म्हणाल्या.

"चहा तिथंही मिळतो."

मिस्त्रीचं गॅरेज बायपासच्या अलीकडे. नेप्तीच्या बाजारात लाल कांद्याची आवक जोरात होती. समोरून कांद्याचे टेम्पो जात होते, त्यांच्यामागे पापुद्रे उडत होते, आणि या सगळ्यावर एक भुरी चादर अखंड पसरलेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, काळ्या डब्याच्या क्लिपा पाडल्या आणि झाकण उचललं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पंचनामा सुरू केला. "ही काजळी पुण्याची. हे पाचट उसाचं. हे कांद्याचं. आणि ह्या शेंगांची टरफलं उंदरानं आणल्यात दादा, गाडी पार्किंगला कुठं लावता?" सासऱ्यांनी तिथल्या तिथे खिशातून सर्व्हिसिंगचा कागद काढून बरोबरची खूण दाखवली. मिस्त्रीने आधी खूण पाहिली, मग टरफलं पाहिली आणि कागद आदराने परत केला.

तोवर गॅरेजात सभा भरली होती. एकाने सुचवलं, "हवा मारा अन् बसवा परत." दुसरा म्हणाला, "पेट्रोलनं धुवा, चकाचक होतोय." तिसरा, पांढरी टोपी, पायावर पाय, शांतपणे म्हणाला, "मी तर काढूनच टाकला. गाडी कशी पळती बघा!" त्यावर मामांचा आवाज चढला. मामांचा आवाज रणगाड्याचं इंजिन चालू असताना बोलण्याच्या सवयीचा आहे.

"एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ-एक हजार लिटर हवा लागते," मामा म्हणाले. "म्हणजे लिटरमागे जवळपास एक टँकर! उन्हाळ्यात गावाला येतो ना, तेवढा. पुण्याहून इथवर तुम्ही सात-आठ टँकर हवा ओढलीत. पेट्रोलचा हिशोब पैशापर्यंत ठेवता, हवेचा कोण ठेवणार?"

टँकर म्हटल्यावर सभेला मुद्दा एकदम पटला. नगर जिल्ह्यात टँकर हे मोजमाप कुणाला समजवावं लागत नाही.

पुढचं मामांनी टोपीवाल्यांकडे बघतच सांगितलं. ही धूळ मऊ दिसते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. ते सिलिंडरमध्ये गेले की ऑइलच्या पातळ थरात बसतात आणि पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरच्या भिंती घासत राहतात. गाडी काही महिने मस्त पळते. मग ऑइल प्यायला लागते, निळा धूर मारते आणि इंजिनकाम निघतं. फिल्टर येतो काहीशे रुपयांत, इंजिनकामाचा आकडा पाच अंकी असतो.

"तुमची निळा धूर मारती का हो?" मिस्त्रीने टोपीवाल्यांना विचारलं.

"थोडा... सकाळचा," ते म्हणाले आणि पाय खाली घेतला.

धुण्याचाही निकाल लागला. कागदी फिल्टर पाण्याने किंवा पेट्रोलने धुतला की कागद गेलाच. हवा मारायची तर आतल्या, स्वच्छ बाजूने बाहेर आणि गन लांब धरून. जवळून जोरात मारली तर कागदाला न दिसणारी भोकं पडतात. म्हणून फिल्टर उन्हात धरायचा. घड्यांतून सगळीकडून फिकट उजेड आला तर अजून चालेल. उजेड आलाच नाही तर बदला, आणि एखाद्याच ठिकाणी लख्ख ठिपका दिसला तर तो फाटलाय, फेकून द्या. आमच्याकडे उजेड नव्हता. मिस्त्रीने डबा ओल्या फडक्याने पुसला, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड आधी बोळ्याने झाकून. ही एवढी काळजी पुण्यात कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

इथे मामांनी एक धक्का दिला. सारखा सारखा साफ केलेला फिल्टर चांगला, हा समज खोटा. थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक कण जास्त अडवतो, कारण आधीची धूळ नंतरच्या धुळीला अडवते. म्हणून उगीच दर रविवारी उघडू नये.

"मग आता ॲव्हरेज किती वाढेल?" सासऱ्यांनी आशेने विचारलं.

"फार नाही," मामा म्हणाले आणि सासऱ्यांचा चेहरा पडला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त प्यायच्या. आताच्या इंजिनातला संगणक हवा कमी आली की पेट्रोलही कमी सोडतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने तुंबलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. नव्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पिकअप मात्र घटला. ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला पिकअपच लागतो.

बायकोला वेगळीच आशा होती, आता गाडीत शिंका थांबतील. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तो एसीचा फिल्टर. तो आत, डॅशबोर्डच्या खणामागं. त्याची कथा अजून उघडलीच नाही." आम्ही ती त्या दिवशी उघडली नाही.

दुकानात दोन फिल्टर समोर आले, कंपनीचा आणि लोकल. लोकल निम्म्या किमतीत. मामांनी घड्या मोजायला लावल्या. लोकलमध्ये घड्याही बऱ्याच कमी, आणि कडेचं रबर ढिलं. रबर नीट बसलं नाही तर धूळ कागद सोडून बाजूने जाते, मग कागद कितीही चांगला असो. कंपनीचा घेतला.

दुसऱ्या दिवशी मामा आम्हाला रणगाडा संग्रहालयात घेऊन गेले. १९९४ साली लष्कराच्या चिलखती दलाने उभारलेलं हे संग्रहालय पाहायला लोक लांबून येतात आणि तोफेच्या नळीखाली फोटो काढतात. मामांनी आम्हाला थेट मागे, इंजिनाकडे नेलं. वाळवंटात ताफा निघाला की दुसरा रणगाडा पहिल्याची धूळ खातो आणि तिसरा दोघांची, म्हणून आधी हवा गरगर फिरवून जाड धूळ बाहेर टाकायची, मग उरलेली गाळायची. पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटन रणगाड्यापाशी मात्र ते खूश झाले. १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, उसात दबा धरला आणि पॅटन चिखलात रुतले. "ऊस आणि पाणी," मामा म्हणाले, "ह्या दोन गोष्टींपुढं इंजिनाचं काही चालत नाही, हे नगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको."

ट्रॅक्टरवाले शहाणे, ते किलोमीटरच्या नादी लागतच नाहीत. त्यांचा मीटर तासांवर चालतो, आणि ज्यांचा एअर क्लीनर ऑइल-बाथचा, म्हणजे खाली ऑइलची वाटी असलेला, ते ती वाटी काढून ऑइलमध्ये किती गाळ बसलाय ते बघतात. कारवाल्यांनीही नगर रस्त्यावर हंगाम बघावा. ऊस आणि लाल कांदा सरला की गुढीपाडव्याला एकदा डबा उघडा, फिल्टर उन्हात धरा, गरज असेल तर बदला. आणि नगरला सेकंड हँड गाडी घ्यायला आलात तर रंग, टायर, कागदपत्रं नंतर बघा. आधी त्या काळ्या डब्याच्या क्लिपा पाडा. आत फिल्टरच नसेल आणि मालक सांगत असेल की गाडी कशी पळती बघा, तर तुम्ही सरळ चालत एसटी स्टँडवर जा.