गोळे कॉलनीतल्या गोळ्या

आमचा औषधांचा डबा म्हणजे पूर्वाश्रमीचा चिवड्याचा डबा. उघडला की आधी कढीपत्त्याचा वास येतो, मग बामचा. आत गोळ्यांच्या पाकिटांचे नुसते तुकडे. मेडिकलवाल्याकडे चार गोळ्या मागितल्या की तो कात्रीने चार कापून देतो आणि एक्सपायरीची तारीख नेमकी उरलेल्या सहांजवळ राहते. माझ्याकडच्या एका तुकड्यावर फक्त ‘सिटामॉ’ एवढंच होतं. मधलंच. एखाद्या जपानी गावाचं नाव वाटावं तसं.

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की आम्ही नाशिककर अभिमानाने शिंकतो. मीही शिंकलो. सकाळी सर्दीची पिवळी गोळी घेतली, दुपारी अंगदुखीची पांढरी, संध्याकाळी तापावरची गरम पाण्यात घालायची पुडी. रंग तीन म्हणजे औषधं तीन, असा माझा हिशेब. तिन्हींचे दिवसातून तीन-तीन डोस करायचा बेत ठरवून, खोकल्याच्या बाटलीसाठी स्कूटरवरून गोळे कॉलनीत गेलो. नावच गोळे, आणि औषधांची घाऊक बाजारपेठही तिथेच! वाटेत प्रत्येक सिग्नलला जांभया.

दुकानातल्या पोराने विचारलं, “काका, आज काय काय घेतलंय?”

मी खिशातून तिन्ही काढून दाखवली. त्याने पाकिटं उलटी केली. मागची बाजू! तिथे काही लिहिलेलं असतं, हे मला साठीत कळलं.

“पिवळीत पॅरासिटामॉल पाचशे, पांढरीत साडेसहाशे, पुडीत पाचशे. एकच औषध तीन नावांनी घेताय. तीन-तीनदा घेतलं तर चार हजार नऊशे पन्नास मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार हजारांच्या वर जायचं नाही, लिव्हरवर येतं. आणि पिवळीने झोप येते, गाडी चालवू नका असं लिहिलंय. आलात कशाने?”

“चालत,” मी म्हणालो. हेल्मेट काखेत होतं.

शेजारचे बागाईतदार सर्दीवर आपली नाशिकची वाइनच घ्या म्हणत होते, हेही सांगून टाकलं. पोराने कात्री खाली ठेवली. मग जरा हळू आवाजात सांगितलं, की डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. मी इतकी वर्षं ती रेघ नक्षी समजत होतो. खोकल्याच्या बाटलीतही तेच औषध नाही ना, हे बघूनच त्याने ती दिली.

स्कूटर तिथेच ठेवून रिक्षाने घरी आलो. हिने पंचांग वाचायचं भिंग काढलं आणि एकेक तुकडा उजेडात धरून मोठ्याने वाचायला घेतला. निम्मे तुकडे बिनतारखेचे निघाले, ते बाजूला झाले. शेवटी एका ओळीवर थांबली.

“अहो, ‘थंड आणि कोरड्या जागी ठेवावे’ म्हणतायत.”

दोघांनीही वर पाहिलं. डबा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर असायचा. चिवडा होता तेव्हापासून.