बडनेऱ्याची परदेशवारी

देशाची सरहद्द बडनेऱ्यापासून शेकडो मैल दूर. तरी या जंक्शनाने कितीतरी वर्षं कागदोपत्री दुसऱ्याच्या मुलखात काढली, आणि फलाटावरच्या हमालाला त्याचा पत्ता नव्हता.

१८५३ साली हैदराबादी फौजेच्या खर्चापोटी निजामाने बडनेऱ्यासकट वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनसाहेबांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतलं. खंड वर्षाला २५ लाख रुपये. म्हणजे सातबाऱ्यावर नाव निजामाचं, वहिवाट इंग्रजांची. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही, त्याच्या घरोघरी असा एक तरी दावा चालू असतो! हैदराबादने १९२३ मध्ये मुलूख परत मागून पाहिला. उत्तर नकाराचं आलं. पुढे १९३६ मध्ये समजूत काढली ती निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, हा किताब देऊन. मुलूख नाही तर नाही, नाव तरी घ्या.

सरहद्द म्हणाल तर वर्धा नदी. बडनेऱ्याहून नागपूरकडे निघालेली गाडी धामणगाव मागे टाकून पुलगावजवळ पूल ओलांडायची, की निजामाचं कागदी राज्य संपलं. विचारपूस करायला फक्त तिकीट तपासनीस.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादच भारतात आलं आणि हा दावा निकाली निघाला. १९८३ मध्ये बडनेरा अमरावती महापालिकेत गेलं. मुख्य रेल्वेमार्गावर मात्र तेच. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी पकडायची तर अमरावतीकर आजही बॅगा उचलून बडनेऱ्याला येतात, आणि रिक्षावाला भाडं परगावचं सांगतो.