टक्केकाका

परभणीच्या नव्या मोंढ्यात, नाहीतर सेलूच्या किंवा मानवतच्या, आडतीच्या ओट्यावर टक्केकाका हमखास सापडतात. स्वतःचा माल क्वचितच आणतात. दुसऱ्याचा भाव किती पडला, हे मोजायला मात्र रोज हजर.

सोयाबीन २०२१च्या ऑगस्टमध्ये क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलं होतं. (तेव्हा दाणा कुणाच्या घरात होता म्हणा!) पुढे ते चार हजारांच्या घरात आलं. कुणीतरी धीर देतं, "साठ टक्के पडलं ना? साठ टक्के चढलं की फिटलं." काका पेन उघडतात. "कामून फिटलं? साठ गेले, उरले ०.४. आता चार हजारांवर साठ टक्के चढव. सहा हजार चारशे! दहावर जायला दीडशे टक्के लागतात, बाबा." धीर देणारा चहा अर्धा टाकून उठतो.

२०२४ला हमीभाव ४,८९२ आणि मोंढ्यात ४,२००च्या आसपास. लोक सरकारला शिव्या घालत होते, काका भागाकार करत होते. "गुणक ०.८६. चौदा टक्के घट." सांगताना चेहऱ्यावर समाधान असं, की चौदा टक्के त्यांनाच मिळाले असावेत.

जुन्या ट्रॅक्टरचा सौदा त्यांच्याशिवाय होत नाही. "वर्षाला वीस टक्के उतरतो, म्हणजे पाच वर्षांत फुकट," असं घेणारा म्हणाला, की ०.८ पाच वेळा गुणून काका त्याच्या हातावर ०.३३ लिहितात. तिसरा हिस्सा मोजावाच लागतो. विकणारा त्यांना पान खिलवतो, घेणारा पुन्हा रामराम घालत नाही.

काकूंपुढे मात्र हे चालत नाही. साडीच्या दुकानावर 'वीस टक्के सूट, वर आणखी दहा' अशी पाटी. काकांनी भर दुकानात सिद्ध केलं, की सूट तीस नाही, अठ्ठावीसच, साडी ०.७२ला पडते. काकू म्हणाल्या, "मग उरलेली ०.२८ कुठून झाकू? पैसे द्या अन् चला."

आणि स्वतःचं सोयाबीन? ते दहा हजारांची वाट बघत माळवदाच्या खोलीत पडून आहे. पंधरा टक्के ओलावा वाळून दहावर आला, की वजन पाच नव्हे, साडेपाच टक्क्यांनी उतरतं, हेही त्यांनी काढून ठेवलंय. पण परवा कट्टे मोजले तेव्हा हिशेब बसेना.

"उंदरांचा गुणक," काका म्हणाले, "दर महिन्याला बदलतो."