करायला गेला गणपती

लाकूड कोरण्याचा छंद लावून घेऊ इच्छिणाऱ्या पुणेकराने सर्वप्रथम 'करायला गेलो गणपती आणि झाले माकड' ही म्हण विसरावी. ती ज्याने केली त्याने पटाशी कधी हातात धरली नसावी. माकडाला शेपूट असते, आणि लाकडातून शेपूट काढून ती शेवटपर्यंत शाबूत ठेवणे गणपतीपेक्षा अवघड आहे. नवशिक्याच्या हातून खरोखरच माकड झाले, तर घरच्यांनी पेढे वाटावेत. सहसा होतो तो बटाटा.

दोष नवशिक्याचा नाही, रेषेचा आहे. लाकूड म्हणजे खोडाच्या उंचीबरोबर धावणाऱ्या तंतूंची घट्ट जुडी, आणि त्या तंतूंची दिशा म्हणजे रेषा. तंतूंच्या दिशेने कोरलेली बारीक काडीसुद्धा चिवट राहते. तंतू आडवे आले की बोटभर जाडीचा भागही बिस्किटासारखा तुटतो. म्हणून सोंड रेषेच्या दिशेने लोंबेल असा ठोकळा उभा धरावा. तसा धरला की पुढे आलेले सुळे आपोआप आडव्या रेषेत सापडतात आणि त्यांतला एक जातोच. गजाननाला एकदंत का म्हणतात याची एक नवी उपपत्ती येथे सुचते; पुराणांत तिला आधार शोधू नये. तुटण्याची वेळही ठरलेली असते. अगदी शेवटचा पॉलिश पेपर फिरवताना. पहिल्या दिवशी मोडलेला सुळा कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही.

आता लाकूड. पुणेकर डोळे मिटून सागवान म्हणतो, कारण वाडा. वाडे बांधणाऱ्यांचे बरोबरच होते: सागाला वाळवी सहसा लागत नाही. शनिवारवाड्यासाठी तो जुन्नरच्या जंगलातून आणला होता. पण सागात सिलिका, म्हणजे वाळूचाच एक अवतार, असते आणि ती हत्याराची धार खाते. शिसवाच्या वाटेला तर पहिली दोन वर्षे जाऊच नये. नवशिक्याचे लाकूड म्हणजे शिवण: हलकी, फिकट, फारशी न तडकणारी. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. तिथला आंबा ताटात ठेवला तर पाहुणा चावायला जातो. नवशिक्याचा आंबा पाहुण्याला आधी 'हा आंबा' असे सांगून मगच दाखवावा.

खरेदीसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जावे. तिथे माल घनफुटावर विकला जातो. अशा ठिकाणी 'वीतभर शिवण मिळेल का' असे विचारण्याला धैर्य लागते आणि या छंदाचा चारित्र्यावर होणारा पहिला सुपरिणाम तोच. दुकानदार आधी माणसाकडे, मग त्याच्या पिशवीकडे पाहतो आणि कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगाकडे हनुवटीने खूण करतो. अर्धे सामान त्या ढिगात निघते.

हत्यारांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठावा. गंजलेली पटाशी स्वस्त मिळते. ती चकचकीत करण्यात पुढचे दोन आठवडे जातात. ही वेळेची नासाडी नव्हे. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो, जोर लावला की ते घसरते, आणि घसरले की जिथे जायचे तिथेच जाते. धार लागली का, हे पाहण्यासाठी डाव्या मनगटावरचे केस कापून पाहण्याची जुनी रीत आहे. बसथांब्यावर कोणाचे फक्त एकच मनगट तुळतुळीत दिसले, तर तो समव्यवसायी समजावा.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत, पण थट्टेचे नाहीत. मोकळा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवावा. घासकाम करताना मास्क लावावा, कारण लाकडाचा भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातला आहे. जवसाच्या तेलात भिजलेले फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून सुकताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके उलगडून वाळत घालावे. लाकूड आणि आग यांचा पुण्याला पुरेसा अनुभव आहे: १८२८ साली शनिवारवाडा सात दिवस जळत होता आणि मागे उरले ते दगडी जोते आणि तट.

लाभांविषयी विज्ञान काय म्हणते? फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३९ जणांना ४५ मिनिटे काहीबाही कलाकुसर करू दिली, तेव्हा सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, उतरले. ज्यांना कलेचा गंध नव्हता त्यांचेही उतरले. मात्र त्यांना दिले होते कागद, स्केचपेन आणि माती. सुळा तुटल्यानंतरचे कॉर्टिसॉल तिथे कोणी मोजलेले नाही.

मोजता न येणारा लाभ मात्र बाजीराव रस्त्यावर मिळतो. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. त्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे खांब आणि वरचा कोरीव सज्जा रोज हजारो पुणेकर न पाहता ओलांडतात; पाहावे असे सिग्नलवर काय असते? हाताला चार फोड आलेला माणूस मात्र तिथे थबकतो. वळणावर रेषा उलटी फिरते तिथे कारागिराने पटाशी कोणत्या बाजूने चालवली असेल, हे तो मान वर करून शोधू लागतो आणि मागून येणाऱ्यांच्या शिव्या खातो. त्याच रस्त्यालगत पुढे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी सुमारे २०,००० वस्तू जमवल्या आणि पुढे सरकारच्या हाती सोपवल्या. तिथल्या कोरीव दारांपुढे आणि कोथरूडहून उचलून आणलेल्या मस्तानी महालापुढे नवशिक्याने अर्धा दिवस काढावा. कोथरूडकर नवशिक्याने थोडी हळहळही व्यक्त करावी.

परत आल्यावर बटाट्याकडे नव्या नजरेने पाहावे. त्याच्या पाठीवर सहा तिरप्या खाचा दिल्या की कासव होते. कासवाला सोंड नाही, सुळे नाहीत, शेपूट नावापुरती. देवळाच्या सभामंडपात त्याला मानाची जागा असल्याने घरात कोणी आक्षेपही घेत नाही.

ते टीपॉयवर, पाहुण्याच्या कपाजवळ, सहज ठेवल्यासारखे ठेवावे आणि वाट पाहावी. आज ना उद्या कोणी तरी ते उचलून 'कोणते लाकूड हो हे?' असे विचारतेच. या प्रश्नाचे उत्तर 'शिवण' असे एका शब्दात देता येते. आजवर तसे कोणी दिलेले नाही. पाहुण्याने चहा लवकर संपवावा.