वॉरंटी लागू: पालघर तालुका वगळून

मासवणच्या माझ्या मेहुण्याने दीड वर्षापूर्वी घेतलेल्या गाडीला गंज चढला आहे. कर्जाचे हप्ते साडेतीन वर्षं बाकी आहेत, म्हणजे गंजाने बँकेला गाठून मागे टाकलं. दरवाजांच्या खालच्या कडांवर रंग आधी बारीक फोडांसारखा फुगला. मेहुण्याने नखाने टोकरलं तर खालून विटकरी भुकटी निघाली. ती त्याने कागदाच्या पुडीत बांधली आणि सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सल्लागाराने पुडी न उघडताच विचारलं, "समुद्राजवळ राहता का?"

मासवण सूर्या नदीच्या काठी आहे. समुद्र बघायचा तर पालघर-मनोर रस्त्याने वाघोबा खिंड पार करायची, पालघर शहर ओलांडायचं आणि सातपाटी नाहीतर केळवं गाठायचं. मेहुण्याने हे सगळं नीट सांगितलं. सल्लागाराने संगणकात काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "एमआयडीसी?" ती बोईसरला, डोंगरापलीकडे. "मग पाऊस पडत असेल." यावर मात्र मेहुण्याला कबुली द्यावी लागली. आमच्याकडे पाऊस पडतो. सल्लागाराचा चेहरा गुन्हेगार सापडल्यासारखा खुलला.

"भावजी, गाडी घेतली तेव्हा वाघोबाला नारळ फोडला होता, तेसुद्धा विचारलं हो त्याने. पाणी बोनेटवर उडालं होतं का म्हणून."

मी वॉरंटीचं पुस्तक मागवून घेतलं. हे पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं आणि गाडी विकेपर्यंत त्याची घडी मोडत नाही. त्यातला हमी देणारा मजकूर अर्धं पान, आणि हमी कशाला लागू नाही हे सांगणारा मजकूर त्याच्या कितीतरी पट. खारी हवा, कारखान्यांतून उडणारे रासायनिक कण, आम्लयुक्त पाऊस, पूर, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, रस्त्यावरून उडणारी खडी यांमुळे झालेलं नुकसान हमीत बसत नाही. वाचता वाचता लक्षात आलं की ज्याने हे लिहिलं त्याने पालघर तालुका पायी फिरून पाहिला असणार. खारी हवा सातपाटीची. रासायनिक कणांसाठी बोईसरची तारापूर एमआयडीसी आहेच; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात आम्ही 93.69 गुण मिळवून देशात पहिले आलो होतो. पूर सूर्येचा, चीक आमच्या आंब्या-फणसांचा, बगळे शेतातले. खडीचं श्रेय सार्वजनिक आहे, कोणा एका खात्याला देणं अन्यायाचं होईल.

तर मग ही हमी चालते कुठे? पाऊस नाही, समुद्र नाही, कारखाना नाही, झाड नाही, पाखरू नाही अशी जागा म्हणजे चंद्र. पण तिथेही भरवसा धरू नका. चांद्रयान-1 वरच्या नासाच्या उपकरणाने केलेल्या नोंदींत चंद्राच्या ध्रुवांकडे हेमेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, असल्याचं 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. जिथे श्वास घ्यायला हवा नाही तिथे गंज पोचला. त्यापुढे मासवण काय चीज आहे!

कंपन्यांना यातलं काही ठाऊक नाही असं मात्र समजू नका. कुठली हवा धातूला किती खाते याच्या पायऱ्या आयएसओ 9223 या मानकात ठरवून दिलेल्या आहेत, सी1 पासून सीएक्सपर्यंत. पत्रा किती वेळ ओला राहतो, हवेत मीठ किती, सल्फर डायऑक्साइड किती, यावर ती पायरी ठरते. शिवाय रंगवलेले पत्रे बंद पेटीत टांगून त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात. मीठ 5 टक्के, तापमान 35 अंश. म्हणजे सातपाटीच्या धक्क्यावरची मे महिन्यातली दुपारच ती, फक्त माशांच्या वासाविना. प्रयोगशाळेत पत्र्यावर खारं धुकं सोडलं की ती चाचणी. तेच धुकं निसर्गाने सोडलं की तो ग्राहकाचा निष्काळजीपणा.

आता खरी मौज ऐका. पत्र्यावर जस्ताचा मुलामा चढवणारे कारखाने याच तारापूर एमआयडीसीत आहेत. स्टेनलेस स्टीलही इथेच तयार होतं, ज्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं म्हणून ते गंजत नाही. म्हणजे गंज न चढणारं लोखंड आम्ही देशाला पुरवतो आणि पाळी सुटली की सडक्या मडगार्डच्या गाडीवर बसून घरी जातो. मेहुण्याचं म्हणणं, पुढची गाडी भांड्यांच्या दुकानातूनच घ्यावी.

निदान अखेर पालघरच्या एका टिंकरिंगवाल्याने केलं, तेही फुकट. तो दाराशी उकिडवा बसला, कडेच्या आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "दादा, पत्रा आतून खाल्लाय." दाराचा बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, प्रत्येक गाडीत उतरतं, आणि ते जावं म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की पाणी त्या दुमडीत मुक्कामाला येतं. दुमडीत रंग पातळ, सीलंट कुठे लागलेलं, कुठे सुटलेलं. त्यात हवेतलं मीठ विरघळलं की गंजाचा वेग वाढतो, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर टिकू देत नाही. आपल्याला फोड दिसतो तोवर आतलं काम बरंच उरकलेलं असतं.

आणि ही भोकं बुजली कशाने? एका दारात चिखल होता. बाकीच्या दारांत काळं, रबरासारखं काहीतरी होतं. गाडी ताब्यात देताना शोरूमने वेगळे पैसे घेऊन जे 'अँटी-रस्ट कोटिंग' मारलं होतं, त्याचाच फवारा तिथे जाऊन बसला होता. गंज येऊ नये म्हणून घेतलेल्या पैशांत गंजाची पाणीपुरवठा योजना झाली. सूर्येचं पाणी वसई-विरारपर्यंत पोचवायला किती वर्षं लागली, इथे एका दुपारीत काम फत्ते.

हे सर्व्हिस सेंटरला सांगितल्यावर कळलं की कोटिंग गाडीच्या तळाचं असतं, गंज दाराला आलाय, सबब विषय वेगळा. शिवाय कोटिंगचं दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. केलंत का? नाही? मग बघा!

युरोपात पुष्कळ कंपन्या पत्रा गंजून भोक पडण्याविरुद्ध 12-12 वर्षांची हमी देतात. तिथेही अट असतेच, भोक आतून बाहेर पडलेलं हवं. बाहेरून आत शिरलेला गंज बेशिस्त समजला जातो. मेहुण्याचा गंज या कसोटीला पूर्ण उतरतो, आतूनच बाहेर आला आहे, पण जन्माला चुकीच्या खंडात आला. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोया गाड्यांच्या चौकटी गंजल्या. बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. 2016 मध्ये सुमारे 15 लाख गाड्यांबाबत तडजोड झाली, अंदाजे खर्च 3.4 अब्ज डॉलरपर्यंत. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण गाड्या तपासून गरजेप्रमाणे चौकटी बदलून द्यायचं मान्य केलं. बर्फ पडतो तिथे राहायला कोणी सांगितलं होतं, हे उत्तर तिकडे पुरलं नाही.

आपल्याकडे पत्र्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे तो सरकारचा. खासगी गाडीची नोंदणी होते 15 वर्षांसाठी आणि महाराष्ट्रात वाहनकरही एकरकमी आगाऊ घेतात. मेहुण्याने 10 लाखांच्या आतली पेट्रोल गाडी घेतली, त्यावर 11 टक्के भरले. परिवहन खात्याला खात्री आहे की ही गाडी 15 वर्षं चालेल. बनवणाऱ्याला मात्र पहिल्या पावसाळ्याचीही खात्री नाही.

मग सबंध गाडीच बदलून मागावी का? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये क्लचच्या एका प्रकरणात सांगितलं आहे की हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर भागच बदलून मिळेल, गाडी नव्हे. मेहुणा म्हणाला, ठीक, भाग द्या. सर्व्हिस सेंटरने सुट्या भागांची यादी चाळली. त्यात गंज नावाचा भाग नाही.

त्यांनी दिलेला उपाय असा: घासायचं, प्रायमर मारायचा, रंग मारायचा, निम्मे पैसे तुमचे. वर 'सदिच्छा म्हणून' असा शेरा. आतली दुमड कोण साफ करणार, या प्रश्नावर सदिच्छा संपली. वरून रंगवलेला गंज एक पावसाळा गप्प बसतो आणि तेवढ्यात हमीची मुदत निघून जाते. हा धूर्तपणा आहे, निष्काळजीपणा नव्हे.

तेव्हा, नवी गाडी दारात असलेल्या वाचकांनी एवढं करावं. पावसाळ्याआधी चारही दारांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा, पायपुसण्या उचलून खालचा पत्रा पाहा आणि कोटिंगवाल्यासमोर उभं राहून काम करून घ्या. फोड दिसला की तारखेसह फोटो काढा, घासून पुरावा घालवू नका. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षं. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये. दोष प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा अधिकार आयोगाला आहे. आणि सर्व्हिस सेंटरने हमी नाकारली तर तो नकार तोंडी ऐकून परत येऊ नका. कारणासह, सहीशिक्क्यासह लेखी मागा.