बिलात बाळ, दाव्यात माल

दादरमध्ये कुत्र्याला कुत्रा म्हणायची सोय उरलेली नाही. तो ‘आमचा ब्रूनो’ असतो. दवाखान्यात केसपेपरवर त्याला घराण्याचं आडनाव लागतं आणि रक्ततपासणी, सोनोग्राफी, सलाईन धरून बिलही घरच्या माणसाच्या तोडीचं येतं. नातं तुटतं ते भूल दिलेला ब्रूनो शुद्धीवर आला नाही की. “वय झालं होतं हो, जनावरच ते!”

दाद मागायला लांब जायला नको. बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं १८८३ सालचं जनावरांचं रुग्णालय परळला, १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात, आणि दक्षिण व मध्य मुंबईच्या ग्राहक आयोगांचा पत्ताही परळचाच, पुरवठा भवन. पशुवैद्यकाच्या नोंदणीवर गदा आणू शकणारी राज्य परिषद तेवढी नागपूरला. तिथे भरपाई मिळत नाही, प्रवास घडतो.

कायदाही आहे. पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात माणसांच्या डॉक्टरांना सांगितलं. पशुवैद्यकाची फी त्याच व्याख्येत बसते. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, वकील सक्तीचा नाही आणि बिल पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही.

घोडं अडतं किमतीपाशी. पावती घेऊन आणलेल्या लॅब्राडॉरला भाव आहे. गिरगावच्या चाळीत जिन्याखाली सापडलेल्या मोतीचा भाव काय? जनावर मारण्याचा गुन्हा लावायला ते किमान दहा रुपयांचं असावं, ही भारतीय दंड संहितेची अट २०२४ च्या जूनअखेरपर्यंत चालू होती.

उलट टोकही मुंबईनेच पाहिलं. २०२० साली मरीन ड्राइव्हवर एका डिलिव्हरीवाल्या तरुणाच्या मोटारसायकलखाली कुत्रा गेला. पोलिसांनी माणसांसाठीची कलमं लावली. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गुन्हा रद्द केला आणि त्या तरुणाला वीस हजार द्यायला सरकारला सांगितलं. मालकाला कुत्रा मुलासारखा असेल, पण तो माणूस नव्हे, असं न्यायालयाने बजावलं.

कबूल. पण बिल भरणारा आणि रात्रभर जागणारा तर माणूसच होता ना? त्याच्या मानसिक त्रासाची भरपाई ग्राहक कायद्यात मागता येते. तेव्हा ब्रूनोचा बाजारभाव सिद्ध करत बसू नका, आपला त्रास आणि डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध करा. अंत्यविधीची घाई करण्याआधी केसपेपर मागा, शवविच्छेदन करून घ्या, दुसऱ्या पशुवैद्यकाचं मत घ्या. तो चहा पिता पिता पहिल्याच्या साऱ्या चुका घडाघडा सांगेल. लेखी मागितलंत, की मात्र तोही मुक्या जनावरांत जमा!