चबाना नहीं, मम्मी!

2016 साली पनवेल महापालिका झाली आणि खारघर तिच्या हद्दीत आलं. आत्याच्या लेखी मात्र ते अजून परगावच. पनवेलहून लोकलनं तिसऱ्या स्टेशनावर उतरायचं, तरी तिच्या पिशवीत पाण्याची बाटली, दशम्या आणि ओव्याची पूड. ‘तिथलं नाही गेलं पोटात तर?’

खारघर-तळोज्याकडे नायजेरियन मंडळी राहतात. त्यांच्या जिवावर चालणारं, आम्ही जेवायला गेलो ते हॉटेल एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. चार टेबलं, टीव्हीवर फुटबॉल, आणि मेन्यूकार्डावर बोट ठेवलं की मालकीणबाईंचं ‘खतम’. उरले जोलोफ भात, एगुसी आणि एबा.

जोलोफ म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरचीत शिजलेला लालभडक भात. नायजेरियाचा चांगला की घानाचा, यावरून तिकडे कायम जुंपलेली असते. युनेस्कोनं 2021 मध्ये मान दिला तो मात्र त्याच कुळीतल्या, सेनेगलच्या मासे-भाताला. ‘बघ, भांडत बसलं की असंच होतं,’ आत्या म्हणाली आणि माझ्या ताटलीतलाही भात ओढून घेतला.

मग एगुसीचा वाडगा आला. कलिंगडाच्या जातीतल्या फळाच्या बिया कुटून केलेला दाट रस्सा, वर पामतेलाचा केशरी तवंग, आत पालक आणि मटण. आत्यानं वाकून वास घेतला. ‘यात सुकट आहे.’ होतीच, वाळवलेल्या कोळंबीची पूड. शिवाय एक चिवट, राखाडी तुकडा. नॉर्वेत थंडीच्या वाऱ्यावर वाळवलेला कॉड तो, नायजेरियात फार चालतो.

‘मीठ लावून?’

‘नाही, नुसता वाऱ्यावर.’

‘मग बोंबीलच की. गोरा.’

एबाचा पिवळसर गोळा वाफाळत होता. त्यातला घासभर तोडायचा, हातात वळायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, रश्शात बुडवायचा आणि थेट गिळायचा. आत्या चावायला लागली तशा मालकीणबाई धावत आल्या. ‘मम्मी, चबाना नहीं! निगलो!’ आम्हा भाचरांना घास बत्तीस वेळा चावायला लावलेली बाई ही. तिनं डोळे मिटले, पांडुरंगाचं नाव घेतलं आणि गिळला. पुढचे मात्र न सांगता, डोळे उघडे ठेवून.

‘कशाचा करतात गं?’

कसावाचा. कंद किसून, आंबवून, पिळून, भाजून त्याचा रवा करायचा आणि उकळत्या पाण्यात घोटायचा. माझी अक्कल पाजळायची वेळ आली होती. म्हटलं, ‘आत्या, तमिळनाडूत सेलमला आपला साबुदाणा करतात ना, तो याच कंदाचा.’

आत्याचा हात वाडग्यावरच थांबला. ‘म्हणजे उपासाला चालतो!’

पुढे आंबवण्याचा मुद्दा काढून पाहिला, कोण ऐकतंय! ‘एक गोळा बांधून दे,’ तिनं फर्मावलं. ‘रस्सा नको. सोमवारी शेंगदाण्याच्या आमटीबरोबर खाईन.’

मी हिंदीत सांगितल्यावर मालकीणबाईंचा चेहरा खुलला. शेंगदाण्याचा रस्सा त्यांच्याकडेही होतो. गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळता गुंडाळता त्यांनी आत्याला बजावलं, ‘मम्मी, उसमें सूखा झींगा जरूर डालना.’